कोळगावात घेतलेलं नाव

पालघरहून परत आल्यावर मी आमच्या चर्चच्या मासिकासाठी चार पानं लिहून दिली. खाडी, वाळत घातलेले बोंबील, निरनिराळ्या धर्मांची माणसं एका मांडवाखाली, असं सगळं त्यात होतं. पाळकसाहेबांना ते आवडलं. त्यात खोटं काही नव्हतं. फक्त ज्या एका वाक्यामुळे तो प्रवास माझ्या मनातून जात नाही, तेवढं वाक्य मी गाळलं होतं. आता ते लिहिते.

मी संगमनेरची. शाळेत कारकून आहे. पन्नाशी ओलांडली, लग्न केलं नाही, आई गेल्यापासून घरात एकटीच. लोक मला अबोल म्हणतात आणि ते खरंच आहे. समोरच्या माणसाशी बोलताना मला वाक्य सापडत नाही. पण रविवारी उपासनेत आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायला उभी राहिले, डोळे मिटले, की वाक्यं आपोआप येतात. आमच्याकडे ही प्रार्थना नावं घेऊन करतात. पाळक विचारतात, “कोण कोण आजारी आहे?” बाकांवरून नावं येतात. कुणाचं ऑपरेशन, कुणाचे गुडघे, कुणाची साखर. मी ती एकात एक ओवत जाते. ज्याचं नाव राहिलं तो दुपारी घरी येऊन रुसतो. नाव घेण्याआधी कुणाला विचारायचं असतं, ही गोष्टच आमच्या डोक्यात कधी आलेली नाही.

पालघर जिल्ह्यात एक मोठी प्रार्थनासभा व्हायची होती. भजनी मंडळं, मशिदी, चर्च, कोळीवाड्यातली माणसं आणि पाड्यांवरचे भगत अशा सगळ्यांनी मिळून सरकारकडे एकच मागणं मागायचं ठरवलं होतं: आजारी माणसाला दवाखान्याच्या दारात रेशनकार्डाचा रंग विचारू नका, उपचार सगळ्यांना द्या. आमच्या मंडळीनेही कुणाला तरी पाठवावं असा निरोप आला. सुट्टी घ्यायला मला घरात कुणाची परवानगी लागत नाही, म्हणून मला पाठवलं.

सरावली

बोईसरला घ्यायला मोरेबुवा आले होते. हे साताऱ्याकडचे. इथे तारेच्या कारखान्यात कामाला, शनिवारी भजनी मंडळात पुढे. कुटुंब गावी, बुवा इथे एकटे. सभेची सगळी जुळवाजुळव त्यांनीच केलेली. कपाळाला बुक्का, अंगात कंपनीचा निळा शर्ट, आणि चालणं असं की मागे राहणाऱ्याची पंचाईत.

“लॉजवर नको ताई,” ते म्हणाले. “सुनंदाताईंकडं राहा. जेवणाची चिंता मिटली. मी स्वतः इतकी वर्षं त्यांच्याच डब्यावर जिवंत आहे.”

सुनंदा हे तिचं खरं नाव नाही. खरं नाव मी इथे का लिहीत नाही, ते पुढे कळेल.

सरावलीत चाळीच्या दोन खोल्या. सुनंदा आणि तिचा नवरा चोपड्याकडचे. नवरा रसायनाच्या कारखान्यात ठेकेदाराकडे, पाळीवर. मुलगा जळगावला कॉलेजात. ती डबे करते. जौनपूर, छपरा, बीड, परभणी, कुठकुठली एकटी माणसं तिच्या हातचं खातात. ती त्यांना ‘डबेवाले’ म्हणते. संध्याकाळी कामावरून येताना जो तो आपला डबा धुऊन तिच्या ओट्यावर पालथा घालून जातो. ओळखायला कुणी कडीला लाल चिंधी बांधलेली, कुणी झाकणावर नेलपॉलिशचा ठिपका दिलेला. सकाळी ते डबे भरून सुलटे होतात आणि एकेक उचलले जातात. आमच्या गावात इतकी माणसं एकमेकांना न भेटता एका चुलीवर जेवत असतील, असं मी पाहिलेलं नाही.

हवेला एक गोडूस, जळकट वास होता. मी नाकाला पदर लावला तशी सुनंदा हसली. “दोन दिवस थांबा ताई. नाक मरतं मग.”

पहिल्या संध्याकाळी तिने कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं. वांगी आमच्याकडेही भाजतात, पण त्यात हिरवी मिरची अशी ठेचून घालत नाहीत. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती ताक पुढे करत म्हणाली, “हे तर पाहुण्यांचं केलंय. आमचं खाल्लं असतं तर?”

भाकऱ्या संपल्यावर तिने कपाटाच्या वरच्या फळीवरून, साबुदाण्याच्या डब्यामागून एक पाकीट काढलं आणि माझ्याकडे पाठ करून गोळ्या घेतल्या. मग स्वतःहूनच म्हणाली, “टी.बी. झाली होती ताई. आता थुंकी साफ आलीय. डॉक्टरीणबाई म्हणतात, आता कुणाला लागत नाही. पण गोळ्या पुऱ्या करायच्यात.”

सरकारी गोळ्या फुकट मिळतात. पण रोगाचं नाव कळेपर्यंत ती खासगी दवाखान्यांतून फिरत राहिली होती, आणि त्यात गळ्यातलं मोडलं होतं. डॉक्टरांनी खोकला थांबेपर्यंत स्वयंपाक बंद ठेवायला सांगितलं, तेव्हा माहेरी लग्न आहे असं सांगून तिने चूल बंद ठेवली होती.

“डबेवाल्यांना हे कळलं तर संपलं,” ती म्हणाली. “यांच्या पगारात भाडं आणि पोराचं कॉलेज बसत नाही. बुवांनासुद्धा सांगितलेलं नाही.”

“मी कुणाला बोलणार नाही,” मी म्हटलं.

“तुम्ही कुठं बोलता!” ती खदखदून हसली. “दुपारपासून बघतेय ना. म्हणून तर तुम्हाला सांगितलं.”

मुरबे

सभेत आमच्या चर्चच्या वाट्याला आजाऱ्यांसाठी प्रार्थना आली होती. बुवा म्हणाले, “तुमच्यात नावं घेऊन मागतात ना? तसंच मागा. घोषणा सगळेच देतात.” नावं गोळा करायला म्हणून मी मुरब्याला गेले.

खाडीच्या कडेला, बांबूंवर आडव्या दोऱ्या बांधून त्यावर बोंबील टांगलेले. लांबून वाटलं, कुणीतरी फाटक्या चिंध्या वाळत घातल्यात. आमच्या आठवडी बाजारात सुके बोंबील पोत्यात येतात, काळपट, काटकुळे. ते मुळात इतके पांढरे आणि मऊ असतात, हे मला या वयात कळलं. ते बघायच्या नादात माझी चप्पल चिखलात रुतली आणि पट्टा तुटला.

“अगो बाय, नवी दिसतेस,” एक बाई ओरडली. “आमच्याकडं चपला खातात ग चिखल!”

या हिराबाय. सभेसाठी कोळणींना गोळा करायचं काम यांच्याकडे होतं. त्यांनी माझी चप्पल जाळ्याच्या दोऱ्याने बांधून दिली. ती अजून त्याच दोऱ्यावर चालते आहे.

“बामनीन हायस?”

“नाही, ख्रिस्ती.”

“मंग मासा खाशील. का तुमच्या देवानं पन तोंड बांधलंय?”

ओल्या बोंबलाचं आंबट आणि तांदळाची भाकरी पुढे आली. खाटेवर त्यांचा नवरा पडला होता. अर्धं अंग गेलेलं, डोळे मात्र जागे. तो जाळ्यावर बसल्या बसल्या कोसळला, तेव्हा त्याला मुंबईला न्यायचा की गुजरातेत, यातच दुपार गेली, असं त्यांनी सांगितलं. “दवाखाना जवल असता तर ह्यो आज मला शिव्या देत असता. आता शिवी नाय, काय नाय. घर कसं गप झालंय.”

मी चाचरत विचारलं, यांचं नाव सभेत घेतलं तर चालेल का?

“घे की! माईकवर घे. मोट्यानं घे. नवऱ्याचं नाव घ्यायला मी लाजत नाय, तू कशाला लाजतेस?”

हे मुद्दाम सांगते, कारण त्या दिवशी मी विचारलं होतं. म्हणजे विचारायचं असतं हे मला तोवर कळलं होतं. मला माहीतच नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

डोंगराकडे

दुसऱ्या दिवशी पालघरच्या पूर्वेला एका पाड्यावर गेलो. भात कापून झालेलं. खाचरांत नुसते बुडखे, आणि त्यात बगळे शांतपणे हिंडत होते. निम्म्या घरांच्या दाराशी बोचकी बांधून ठेवलेली. माणसं वीटभट्ट्यांवर निघाली होती.

इथले भगत सभेला येणार होते. आजारी माणूस आला की तांदूळ पाहून कारण सांगायचं, हे त्यांचं काम. बुवांनी त्यांना चिडवलं, “दवाखाना आला तर तुमचं कसं व्हायचं, बाबा?”

“माजं काय व्हायचंय?” भगत विडी विझवत म्हणाले. “डाक्टर नाय म्हनून लोक माज्याकडं येतात. मी आजारी पडलो तं मी कोनाकडं जाऊ?”

सगळे हसले. ते हसले नाहीत. बोचक्यांकडे हात करून म्हणाले, “ही मानसं आता चालली भट्टीवर. आजारी पडतात तिकडं, कारड ऱ्हातंय इकडं. तिथला डाक्टर म्हनतो, तुमच्या गावाला जा. मानूस हाय तिथंच त्याला औषीद द्या, येवडंच मी सायबाला सांगनार हाय.”

परत येताना जीपमध्ये सगळे उद्याच्या तयारीचं बोलत होते. मी खिडकीशी बसले होते. इतक्या माणसांत राहूनही दिवसभरात माझं कुणाशी बोलणं झालं नव्हतं. उद्या मात्र मी बोलणार होते, आणि सगळे ऐकणार होते. या विचाराने मला बरं वाटत होतं, हे कबूल करते.

कोळगाव

जिल्ह्याची सगळी कार्यालयं आता कोळगावला आहेत. भव्य इमारत, रुंद पायऱ्या, समोर इतकी मोकळी जागा की माणूस आपोआप हळू बोलायला लागतो. हिराबाय कमरेवर हात ठेवून वर बघत म्हणाल्या, “एवडा मोटा वाडा बांदला, त्यात दोन खाटा दवाखान्याच्या टाकता नाय आल्या?”

मांडव भरला. बोईसरच्या मशिदीचे मौलाना आले. बुवांचं मंडळ टाळ घेऊन आलं. पाड्यावरून भगत आले. आणि सुनंदा आली, तिच्या डबेवाल्यांना घेऊन. पाळी संपवून थेट आलेले, काहींच्या अंगावर अजून कंपनीचे कपडे. “बुवांनी माणसं आणा म्हटलं होतं. माझ्याकडं माणसं म्हणजे हीच,” ती मला म्हणाली. फार खुशीत होती. तिने त्यांच्यासाठी थर्मासमधून चहा आणला होता.

भगत बोलले, मौलानांनी दुआ केली, भजन झालं. मग माझी वेळ आली.

मी डोळे मिटले. आधी हिराबायच्या नवऱ्याचं नाव घेतलं. मग मुरब्यातली आणखी दोन नावं, विचारून घेतलेली. भट्टीवर गेलेल्या माणसांसाठी मागितलं. मांडव शांत होत गेला. टाळ, कुजबुज, सगळं थांबलं. ती शांतता माझ्यामुळे झाली होती. आयुष्यात मला इतक्या माणसांनी कधी ऐकलं नव्हतं. तिथे थांबायला हवं होतं. पण मला ती शांतता अजून थोडी हवी होती, आणि माझ्या तोंडून आलं:

“आणि सरावलीच्या सुनंदाताईंसाठी, प्रभू, ज्या क्षयाच्या गोळ्या घेत घेत रोज इतक्या जणांना जेवू घालतात.”

वाक्य सुंदर होतं. आमच्या चर्चमध्ये त्यावर सगळे “आमेन” म्हणाले असते.

डोळे उघडले तेव्हा सुनंदा थर्मासचं झाकण लावत होती. लावून झालं तरी फिरवतच होती. तिच्या आजूबाजूच्या माणसांपैकी कुणीही जागचं हललं नव्हतं. फक्त हातातले चहाचे कप सगळ्यांनी खाली ठेवले होते.

एक अधिकारी पायऱ्या उतरून आले, निवेदन घेतलं, वर कळवतो म्हणाले. फोटो निघाले. बुवांनी मला हात जोडले. “ताई, अंगावर काटा आला. एवढ्या दिवसांच्या भाषणांनी झालं नाही ते तुमच्या एका प्रार्थनेनं झालं.”

सुनंदा तोवर रिक्षाने निघून गेली होती.

पुन्हा सरावली

संध्याकाळी ओट्यावर एकही डबा पालथा राहिला नाही.

कुणी भांडायला आलं नाही. एकेक जण आला, आपापला रिकामा डबा घेऊन गेला, आणि कारण सांगून गेला. कुणी गावी चाललेला, कुणाला कंपनीत कॅन्टीन सुरू झालेलं, कुणाचा भाऊ स्वयंपाक शिकलेला. सुनंदा प्रत्येकाला “बरं” म्हणत होती. शेवटचा गेल्यावर म्हणाली, “एकानं जरी शिवी दिली असती ना ताई.”

तिचा नवरा पाळीला निघाला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि माझी बॅग आतून उचलून दाराशी आणून ठेवली.

सुनंदानेच ती परत आत नेली. “आता गाडी कुठाय त्यांना,” ती म्हणाली. “सकाळी जातील.” मी त्या घरात पाहुणी होते, आणि पाहुणीला घालवत नाहीत. तिने मला वाढलंसुद्धा. मी जेवले. न जेवणं त्याहून वाईट झालं असतं.

सकाळी मी गेले नाही. डबेवाल्यांच्या खोल्यांवर गेले. अनोळखी दारं वाजवणं मला जन्मात जमलं नव्हतं, ते केलं. थुंकी साफ आहे, डॉक्टरांनी सांगितलंय, हे दारादारात हिंदीत सांगत सुटले. सगळ्यांनी ऐकून घेतलं. पांडेजी म्हणून त्यांच्यातले वयाने मोठे होते, त्यांनी मला खुर्ची दिली.

“हम मानते हैं मैडम,” ते म्हणाले. “सुनंदा दीदी ने हमको बेटे जैसा खिलाया है। पर इस कमरे में सात आदमी हैं। एक को भी खाँसी हुई तो सब मेरा मुँह देखेंगे। छुट्टी ली तो हाज़िरी गई। दवाई अपनी जेब से। यहाँ तो बुखार भी महँगा पड़ता है।”

आदल्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मिळून जे मागितलं होतं, ते मिळालेलं असतं तर हा माणूस घाबरला नसता. मिळालेलं नव्हतं. आणि मी मात्र मिळाल्यासारखी बोलून गेले होते.

दुपारी हिराबाय आल्या. त्यांना बातमी लागली होती. डोक्यावर सुक्या बोंबलांची पाटी. ती उतरवून त्या ओट्यावर मधोमध बसल्या. “वाड ग मला! काय शिजवलंस ते वाड. सगल्यांच्या देकत जेवते.” आणि खरंच जेवल्या, मोठमोठ्याने, प्रत्येक घासाला वाखाणत. चाळीतली माणसं दारांत येऊन बघत होती. सुनंदाने त्यांना पोटभर वाढलं. त्यांचे हात धुऊन झाल्यावर हळूच म्हणाली, “मावशी, तुम्ही जेवून जाल. मला इथं राहायचंय. तमाशा नका करू.”

हिराबाय पाटी उचलत म्हणाल्या, “बरोबर हाय तुजं,” आणि गेल्या.

मी सुनंदाची माफी मागितली. ती लसूण सोलत होती. कुणासाठी, कोण जाणे. सवयीने इतका घेतला होता की ताट भरलं होतं.

“तुम्ही वाईट मनानं नाही केलं. मला माहितीय,” ती म्हणाली. “पण एक करा. आता माझं नाव घेऊ नका. देवापुढंपण नको.”

त्याच संध्याकाळी बोईसर स्टेशनवर सोडायला बुवा आले. त्यांनी पुढच्या सभेचं काढलं. ती दुसऱ्या जिल्ह्यात होती आणि तिथेही त्यांना माझी प्रार्थना हवी होती. मी नाही म्हटलं आणि का ते सांगितलं. सुनंदाने आजार बुवांपासूनसुद्धा लपवला होता, हेही सांगितलं. बुवा पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत म्हणाले, “ताई, काल तुम्ही आत असताना माझाही डबा मीच उचलून आणला. सुट्टीत गावी जातो. घरी नात आहे, अजून दूध पिते.” आणि पुढे म्हणाले, “मी सुनंदाताईंना काय सांगितलं माहितीय? भजनाचा उपास आहे म्हणालो.”

गाडी आली. आम्ही एकमेकांना नमस्कार केला.

संगमनेर

सुनंदाने चूल बंद केली आणि ती चोपड्याला भावाकडे गेली, हे बुवांकडूनच कळलं. गोळ्या बोईसरच्या दवाखान्यातून मिळत होत्या. तिकडे मिळतील की नाही, ही धास्ती घेऊन मी तिला रोज फोन लावत होते. पुष्कळ दिवसांनी तिने उचलला. “गोळ्या चालू आहेत. इथल्या दवाखान्यात देतात,” ती म्हणाली. “फोन नका करत जाऊ, ताई. भावजयीला माहीत नाही.” मागे कुणीतरी तिला हाक मारली, तिच्या खऱ्या नावाने, आणि तिने फोन ठेवला.

गेल्या रविवारी पाळकसाहेबांनी नेहमीसारखं विचारलं, “कोण कोण आजारी आहे?” बाकांवरून नावं आली. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उभी राहिले, डोळे मिटले, आणि एकही वाक्य आलं नाही. उभी होते तशी खाली बसले. पाळकसाहेबांनी प्रार्थना पुरी केली. माझा घसा बसला असेल असं वाटून शेजारच्या रूथमावशींनी पर्समधून लवंग काढून माझ्या हातावर ठेवली. ती चघळत मी बसून राहिले.